काट्यावरचे तीस पौंड

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. मी वाद घालणार नाही. एवढंच सांगते, की त्या दिवशीची यादी मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तो वजनकाटा मी स्वतः तपासला आहे.

ऊलिपाने मला ही हकीकत तीन वेळा सांगितली. तिन्ही वेळा एक आकडासुद्धा बदलला नाही.

तारीख १३ डिसेंबर १९९४. मंगळवार. जागा नुवुक्तिकचा विमानतळ.

रात्र होती... पण घड्याळात सकाळचे साडेअकरा वाजले होते. नोव्हेंबरच्या शेवटी मावळलेला सूर्य जानेवारीशिवाय उगवणार नव्हता.

विमानतळ म्हणजे एकच खोली. तेलाची शेगडी, एक बाक, रेडिओ, धावपट्टीकडे उघडणारी खिडकी, आणि दाराशेजारी मालाचा जुना वजनकाटा. बेचाळीस वर्षांची ऊलिपा तिथे एकटीच काम करायची. दर तासाला बाहेर जाऊन हवा बघायची, वैमानिकाला रेडिओवर कळवायची, प्रवाशांना सामानासकट तोलायची आणि यादी करायची. तिच्या आधी हेच काम तिचे वडील, आयपिली करत होते.

आयपिलींच्या लहानपणी गावात वर्षातून एकदा जहाज यायचं, तेवढंच. मग वसंतात एखादं पट्ट्यांवर घसरणारं विमान आजाऱ्याला न्यायला येऊ लागलं. १९६९ पासून महिन्याला एक विमान प्रवासी घेऊन गोठलेल्या खाडीवर उतरायला लागलं. आयपिली पिंपांत तेलाच्या चिंध्या पेटवून दोन रांगा लावायचे. वजनकाटा त्यांनीच जहाजावरून उतरवून घेतला होता. पहिल्या दिवशी अख्खं गाव त्यावर चढून गेलं. दोन जावांचं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

पुढे खडीची धावपट्टी झाली, दिवे आले, आठवड्याला दोन विमानं झाली.

पण या विमानतळावर एक नियम होता, जो आजूबाजूला कुठेच नव्हता.

इथल्या बायका अमाउती घालतात. पाठीला बाळासाठी झोळी असलेला जाड कोट. झोळीतलं बाळ आईच्या उघड्या पाठीला चिकटून असतं, वरून आईचीच टोपी. नुवुक्तिकला प्रवास करणाऱ्या बाईने बाळ झोळीतून बाहेर काढायचं. त्याचं वजन वेगळं. यादीत त्याची ओळ वेगळी.

बाया कुरकुरायच्या. थंडीत बाळ काढायला कुणाला आवडेल?

पण नियम का आहे, हे कुणी विचारत नसे. सगळ्यांना माहीत होतं.

त्या सकाळी ऊलिपाचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या मुलीच्या, सिपोराच्या तीन महिन्यांच्या बाळाची छाती भरली होती. दवाखान्यातल्या परिचारिकेने श्वास मोजले होते. मिनिटाला बहात्तर. "आजच्या विमानाने मोठ्या गावाला न्या," ती म्हणाली होती. "पुढचं विमान शुक्रवारी. तेवढा वेळ आहे असं मला नाही वाटत."

आणि संध्याकाळपासून वादळ येणार होतं. चार दिवसांचं. म्हणजे शुक्रवारचंही विमान येणार नव्हतं.

साडेअकराला ऊलिपा हवा बघायला बाहेर आली. वारा फार नव्हता. धावपट्टीच्या कडेला आठ दिवे होते, दोनदोनशे फुटांवर. किती दिसतात ते मोजलं, की किती दूरचं दिसतंय ते कळतं.

तिने मोजले. सात.

आठवा, सगळ्यात लांबचा, दिसत नव्हता.

धुकं असेल, असं म्हणून ती वहीत लिहायला लागली. मान वर केली तर... आठवा लागला होता. आता सातवा विझला होता.

ती थांबली.

थोड्या वेळाने सातवा लागला. सहावा विझला.

दिवा बिघडला तर एकच बिघडतो. सगळे बिघडले तर एकदम जातात. असे एकामागून एक, ओळीने... जणू कुणीतरी दिव्यांसमोरून चालत येत होतं.

तिने घड्याळ लावलं. एका दिव्यापासून दुसऱ्यापर्यंत, दोनशे फुटांना, साडेतीन मिनिटं. मोठा माणूस एका मिनिटात जातो. जखमी कुत्रासुद्धा याच्याहून भरभर चालतो.

इतकं हळू कोण चालतं?

तिसरा दिवा विझला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तो पूर्ण विझत नाही. वरची कड उजळच राहते. दिवे कमरेइतके उंच होते. समोरून जाणारं जे काही होतं, ते कमरेपर्यंतही येत नव्हतं.

पहिला दिवा झाकला गेला. पुन्हा लागला.

मग काहीच नाही.

बर्फावर पाऊल वाजलं नाही. रोज विमानतळामागे भुंकणारी तिच्या दिराची, माकुसीची कुत्री गप्प होती. एखादं नव्हे... सगळी.

ऊलिपा आत आली. दार घट्ट लावलं.

शेगडी चालू होती. खोली रिकामी होती.

वजनकाट्याचा काटा तीसवर उभा होता.

तिने फळीवर वाकून पाहिलं. काही नव्हतं. बर्फाचा कणसुद्धा नाही. तिने तबकडीवर टिचकी मारली. तीस. थंडीने स्प्रिंग आखडली असेल. तिने वीस पौंडांची पिठाची गोणी आणून फळीवर ठेवली.

पन्नास.

गोणी उचलली. तीस.

काटा बरोबर होता. फळीवर तीस पौंड होते.

ऊलिपा मटकन बाकावर बसली. हा आकडा तिच्या घरात तेवीस वर्षं कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता.

१९७१ च्या डिसेंबरात तिची आत्या इनुकी याच काट्यावर चढली होती. झोळीत दोन वर्षांची नाउया. आयपिलींनी बहिणीला तोललं आणि यादीत एकच ओळ लिहिली. इनुकी. त्यांच्या हिशेबी त्यात चूक काहीच नव्हती. झोळीतलं मूल आईपासून वेगळं असतं असं आपल्यात कोण मानतं? पोटातलं वेगळं मोजतात का? यादी आठांची झाली.

विमान बावीस मैलांवर लांबतळ्यावर पडलं. बाहेरून मदतीची माणसं आली. त्यांना इथलं काही माहीत नव्हतं, त्यांच्या हातात यादी होती. आठ नावं. जिवंत पाच, मेलेली तीन. आठ. वादळ तोंडावर होतं. सगळ्यांना घेऊन ती माणसं निघाली. त्यांचंही काही चुकलं नाही.

इनुकी मेलेल्यांत होती. खाडीवर आयपिलींनी तिच्या अंगावरचं कापड काढलं आणि झोळीत हात घातला.

झोळी रिकामी होती. आत एक लहानसा मोजा होता.

त्यानंतर पाच दिवस वादळ. मग आयपिली कुत्र्यांची गाडी घेऊन सात वेळा लांबतळ्याला गेले. काही सापडलं नाही. वीस किलोमीटर लांबीच्या तळ्याचा काठ दगडांनी भरलेला, त्यावर पुरुषभर बर्फ.

माणूस गेलं, की त्याचं नाव नव्या बाळाला देतात. नाव परत येतं, म्हणजे माणूस परत येतं. नाउयाचं नाव आयपिलींनी कुणाला देऊ दिलं नाही. "ती अजून वाटेत आहे," म्हणायचे. "वाटेत असलेल्याचं नाव काढून घेत नाहीत." मरतानासुद्धा तेच. "ऊलिपा, एक ओळ राहिली."

नाउया इनुकीची एकुलती एक. वजन तीस पौंड. शेवटच्या जहाजाच्या वेळी आयपिलींनीच भाचीला काट्यावर उभं करून गंमत म्हणून पाहिलं होतं.

दार धाडकन उघडलं. ऊलिपा किंचाळलीच.

"काय वहिनी, मी एवढा वाईट दिसतो होय?" माकुसी होता. ऊलिपाच्या वारलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. धावपट्टीवरचा बर्फ काढायचं काम त्याचं. त्याच्या हातात माशांचं खोकं होतं. "हे बरोबर तीस पौंड. आमच्या पोराच्या वसतिगृहाला. तिथे म्हणे डब्यातले मासे देतात. टोमॅटोत बुडवलेले. पाप आहे की नाही?"

"माकुसी, काटा बघ."

त्याने पाहिलं. टिचकी मारली. बूट मारला.

"थंडी," तो म्हणाला.

"तुझी कुत्री का गप्प आहेत?"

माकुसी उत्तर द्यायला वळला... आणि थांबला. कान देऊन ऐकलं. मग त्याने काट्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं. खोकं जमिनीवर ठेवलं आणि हातमोजे घालून बाहेर गेला.

सव्वाबाराला विमान उतरलं. माणसं जमली. सिपोराला धरून सहा प्रवासी. शाळेचे मास्तर, वीजघराचे दोन दुरुस्तीवाले, दात काढायला निघालेला म्हातारा इयाइतुक, सिपोरा आणि बाळ.

ऊलिपा एकेकाला तोलत होती. प्रत्येकाच्या वजनातून तीस वजा करून लिहीत होती.

"मी एकशे नव्वद?" म्हातारा इयाइतुक ओरडला. त्याला तबकडी दिसत होती. "अगं पोरी, माझे दात अजून काढायचेत, पण म्हणून दात एवढे जड नाहीत!"

"एकशे साठच लिहिलंय, आजोबा. उतरा."

"मग वरचे तीस कुणाचे?"

कुणी हसलं नाही. म्हातारा मुकाट्याने उतरला.

सिपोराने बाळ झोळीतून काढलं. ऊलिपाच्या हातात घरघरणारा, तापलेला जीव आला.

"बाबा," ऊलिपा हळूच म्हणाली. "या बाबा, एक क्षणभर. लगेच पुन्हा उबेत ठेवते तुम्हाला."

बाळ मुलगी होती. पण ती जन्मली ती आयपिली वारल्यावर सहा महिन्यांनी, आणि नाव तिला त्यांचंच दिलं होतं. ज्याचं नाव, ते माणूस. म्हणून ऊलिपा आपल्या नातीला बाबा म्हणायची, अहोजाहो करायची. सिपोरा तिला आबा म्हणायची.

तिने बाळाला फळीवर ठेवलं. त्रेचाळीस.

तेरा पौंडांचे बाबा... आणि शेजारी तीस पौंड.

त्या क्षणी ऊलिपाला कळलं, की जे चालत आलं आहे ते कुणासाठी आलं आहे. जिला यादीत जागा मिळाली नाही, आणि ज्याने ती लिहिली नाही, ती दोघं एका फळीवर होती.

तिने झडप घालून बाळ उचललं. सिपोराच्या झोळीत सरकवलं.

काटा सर्रकन शून्यावर आला.

सिपोरा अर्धं पाऊल मागे झोकांडली. "आई! आबा एकदम जड झाले गं!"

ऊलिपाने दाराकडे पाहिलं. विमान थांबवावं? बाळाला घरी न्यावं? पण घरी काय होतं... चार दिवस वादळ आणि मिनिटाला बहात्तर श्वास.

वैमानिक रेने आत आला; त्याचा सहवैमानिक विमानातच थांबला होता. दक्षिणेकडचा, हसरा. "चौदाशे पौंड, ऊलिपा. बर्फ मऊ आहे, वर एक पौंड चालणार नाही. किती झाले?"

यादीत वर दोन्ही वैमानिकांची नावं आणि खाली प्रवाशांच्या सहा ओळी होत्या. मालासकट बेरीज तेराशे एक्क्याण्णव.

ऊलिपाने पेन उचललं. सातवी ओळ लिहिली.

नाउया. वय दोन वर्षं. तीस पौंड.

मग माकुसीचं माशांचं खोकं सामानातून काढून बाजूला ठेवलं. बेरीज होती तेवढीच राहिली.

रेनेने यादी वाचली, माणसं मोजली. "सातवी कुठे?"

"झोळीत."

"झोळीत दोघं?"

"दोघं."

त्याने सिपोराच्या वाकलेल्या खांद्यांकडे पाहिलं. सही केली आणि यादीची एक प्रत ठेवून निघून गेला.

विमान काळोखात शिरल्यावर माकुसीने प्रत उचलली. वाचली. त्याचा आवाज उतरला.

"वहिनी, मेलेल्या माणसाचं नाव कागदावर?"

"मेलेली तू पाहिलीस?"

माकुसीने मान हलवली.

"मीही नाही पाहिली. बाबांनी जागा दिली नाही, म्हणून आली असेल. तिला जागा दिली की दुसऱ्या कुणाची घेणार नाही."

"आणि घेतली तर?"

एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना रेडिओ खरखरला. रेनेचा आवाज, भरभर. पंखांवर बर्फ धरला होता. उंची राहत नव्हती. मोठं गाव गाठता येत नव्हतं, मागे फिरता येत नव्हतं. खाली एकच सपाट जागा होती.

"लांबतळ्यावर उतरतोय."

त्यानंतर खरखर...

मग तीही नाही.

माकुसीने दोन बर्फगाड्या काढल्या, मागे घसरगाड्या जोडल्या. नवा पोलीस मॅकब्राइड दुसऱ्या गाडीवर बसला. गावात येऊन त्याला सहा आठवडे झाले होते. रेडिओ आणि यादीची प्रत त्याच्या खिशात होती. ऊलिपा उठली, तर माकुसी म्हणाला, "तू रेडिओ सोडू नकोस. परत येताना हवा कशी आहे ते तूच कळवणार आहेस."

तीन तास ती खुर्चीवरून हलली नाही. वारा वाढत होता. दिवे सात दिसत होते. मग सहा. मग चार.

वजनकाटा शून्यावर होता. ती दर मिनिटाला बघत होती.

चार वाजून पाच मिनिटांनी आवाज आला. मॅकब्राइडचा.

"पोचलो. विमान मोडलंय, पण सगळी जिवंत आहेत. म्हाताऱ्याचा हात मोडलाय. आई आणि बाळ बरी दिसतात."

ऊलिपाने तोंडावर हात दाबला.

"एक मिनिट," मॅकब्राइड म्हणाला. "दोन्ही वैमानिक धरून आठ माणसं आहेत. यादीत नऊ आहेत. नाउया, वय दोन. ही मुलगी कुठे आहे?"

ऊलिपाने बटण दाबलं नाही.

"ऊलिपा? वैमानिक म्हणतो ती आईच्या पाठीवर होती. आई नुसती रडतेय, उत्तर देत नाही. माकुसीला विचारलं तर तोंड फिरवतो. इथे दोन वर्षांची पोर बर्फात हरवली आहे आणि हे सगळे गाडीत बसायला निघालेत! काय माणसं आहात तुम्ही?"

मागून माकुसीचा आवाज आला. "साहेब, निघू या. वादळ आलं. वाट मला एकट्यालाच ठाऊक आहे, दोन खेपा होणार नाहीत."

"यादीत नऊ आहेत. नऊ झाल्याशिवाय मी हलणार नाही." मग पुन्हा रेडिओत, "ऊलिपा, यादी तू केलीस. एकच सांग. नाउयाची ओळ खरी आहे की चुकून लिहिली आहे? चूक असेल तर आत्ता निघतो."

एक शब्द पुरेसा होता. चूक. मग गाड्या निघाल्या असत्या. सिपोरा घरी आली असती, बाळ उबेत आलं असतं. तिथे उणे पस्तीस होतं, वारा वेगळा. बहात्तर श्वासांचं बाळ त्यात किती मिनिटं टिकणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने काट्याकडे पाहिलं. शून्य.

नाउया इथे नव्हती. तिथे होती. सगळ्यांबरोबर. आणि तेवीस वर्षांपूर्वी याच तळ्यावर माणसांनी यादी वाचली होती, पुरी आठ भरली म्हणून तिला ठेवून निघाली होती.

"ओळ खरी आहे," ऊलिपा म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटला. "दोन वर्षांची आहे. चालत लांब गेली नसेल. शोधा."

रेडिओ बंद झाला.

ऊलिपा मोजत बसली. पाच मिनिटं. आठ. बाहेर दिवे तीन उरले. दहा. एकदा बटण दाबून परत या म्हणावं असं वाटलं. हात बटणावर गेलाही.

बारा मिनिटं.

रेडिओ उघडला... नुसता वारा. आणि कुणाचं तरी धापा टाकणं.

"वहिनी." माकुसी होता. "मॅकब्राइडच्या दिव्याला काठाजवळ पावलं दिसली. एवढीशी. एका पायात बूट, एक पाय नुसता. एका मोठ्या दगडाखाली गेली होती. मी बर्फ उकरला."

"बोल."

"हरणाच्या कातड्याच्या कपड्यांचं गाठोडं आहे. त्यात... लहान हाडं आहेत, वहिनी. जुनी. कोपऱ्यात पाय दुमडून बसल्यासारखी. एका पायात मोजा नाही."

"मॅकब्राइड काय म्हणतोय?" ऊलिपाने विचारलं.

"तो खाली बसलाय. त्याने यादीवर खूण केली." माकुसीचा आवाज फुटला. "नऊ झाले. निघतो."

त्या वादळातून गाड्या साडेसातला गावात शिरल्या. परिचारिकेने बाळ झोळीतून काढलं, श्वास मोजले. पुन्हा मोजले. मिनिटाला चाळीस. बाळाच्या केसांना घाम आला होता.

"याला शेकत होतीस का?" तिने सिपोराला विचारलं.

सिपोराने आईकडे पाहिलं. परिचारिका गेल्यावर म्हणाली, "आई, विमान पडल्यापासून माझ्या पाठीला आबांचं अंग लागलंच नाही. मध्ये कुणीतरी होतं. आणि कानामागे दोन श्वास येत होते. एक घरघरणारा... आणि एक साधा."

"घाबरली नाहीस?"

"घाबरले ना. पण ते लोक शोधत होते त्या वेळी दुसरा श्वास हुंदके देत होता. मग माकुसीकाकांनी दगडाखालून गाठोडं काढलं, आणि तो झोपला."

नाउयाला तिच्या आईशेजारी दगड रचून पुरलं. पाद्र्याने प्रार्थना म्हटली. मॅकब्राइड शेवटपर्यंत टोपी काढून उभा होता. वसंतात त्याने बदली मागून घेतली.

आणि ऊलिपाने नातीला दुसरं नाव दिलं. आयपिली नाउया.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पुढच्या उन्हाळ्यात बाळाला तपासणीसाठी न्यायचं होतं. दवाखान्याच्या काट्यावर ते वीस पौंड भरलं. तासाभराने विमानतळाच्या काट्यावर पन्नास.

ऊलिपाने न बोलता दोन ओळी लिहिल्या.

तेव्हापासून ही मुलगी जेव्हा जेव्हा विमानात चढली, तेव्हा त्या काट्यावर तीस पौंड जास्तच भरली. शाळेला जाताना, लग्नाला जाताना. वैमानिक बदलले, कंपन्या बदलल्या, यादी संगणकावर आली. ऊलिपा निवृत्त झाली तरी नातीच्या प्रवासाच्या दिवशी विमानतळावर येऊन बसायची. दोन ओळी झाल्याशिवाय उठायची नाही.

मी इथे अकरा वर्षं हवामानाच्या उपकरणांची देखभाल करते. मला हे सगळं ऐकून हसू आलं होतं. मी प्रमाणित वजनं आणून तो काटा तपासला. पाच पौंडांपासून तीनशेपर्यंत. कुठेही अर्ध्या पौंडाची चूक नाही. मग आयपिली नाउयाला उभी केली. तीस जास्त. मी हसायचं बंद केलं.

गेल्या डिसेंबरात ती दक्षिणेला निघाली होती. ऊलिपा बाकावर बसली होती. मी काट्याशी होते.

एकशे एकतीस.

"बरोबर," आयपिली नाउया म्हणाली, आणि मग तिचाच चेहरा पडला. घरच्या काट्यावरही तिचं वजन एकशे एकतीसच होतं.

तीस पौंड नव्हते.

मी पिठाची गोणी ठेवून पाहिली. वीस. काटा चोख होता.

"आजी..." ती म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून 'पोरी' खेरीज दुसरी हाक ऐकली नव्हती. आयपिली आपल्या मुलीला 'पोरी'च म्हणणार ना. "आजी, ती कुठे गेली?"

ऊलिपा बाकावरून उठली. बहात्तर वर्षांची, काडीसारखी बाई. हळूहळू येऊन फळीवर चढली. दवाखान्यात आदल्याच दिवशी तिचं वजन झालं होतं. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी शुक्रवारच्या विमानाने तिला जायचं होतं. एकशे चार.

काटा एकशे चौतीसवर थांबला.

ऊलिपाने तबकडी पाहिली. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि झोळीतलं मूल सावरतात तसे कमरेवर बांधले.

"हं," ती म्हणाली. "चल मग."

शुक्रवारी तिची यादी मी केली. नव्या वैमानिकाने विचारलं, दुसरी प्रवासी कुठे आहे? मी विज्ञान शिकलेली बाई. मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, तिच्या पाठीवर.

विमान सुखरूप पोचलं. शस्त्रक्रियाही झाली म्हणतात. पण ऊलिपा अजून परतलेली नाही, आणि फोनवर नात विचारते तेव्हा डॉक्टर एवढंच सांगतात, की वजनाचा काही मेळ लागत नाही.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी विमान यायच्या आधी मी दिवे मोजते.

आठच्या आठ लागलेले असतात.